नवा चष्मा करताय? आधी शिलाईचा टेप काढा

चाळिशी लागली हे मला डॉक्टरांच्या आधी सुईनं सांगितलं. महालक्ष्म्यांच्या आधीचे दिवस, ब्लाउजांचा ढीग पडलेला, आणि काळ्या कापडावर काळा दोरा काही केल्या दिसेना. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. "काहून वं, सुईत दोरा ओवाले एवढा वेळ लागते का तुले?" मी सुई हातभर लांब धरली, मग आणखी लांब धरली, आणि शेवटी हात पुरेना.

त्यानंतर तीन वर्षांत मी चार चष्मे केले. त्यातले दोन वाया गेले. आमचं गाव आर्णी तालुक्यात. गावात चष्म्याचं दुकान नाही. तालुक्याला जायचं तर दिवस मोडतो, यवतमाळला जायचं तर पहाटेची एसटी धरावी लागते. चष्मा चुकला की तोच दिवस परत मोडायचा, तेच भाडं परत भरायचं. मी काही डोळ्यांची डॉक्टर नाही, शिलाई करणारी बाई आहे. पण चार चष्मे, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि धाकट्या पोराचा उणे नंबर एवढ्यातून जे शिकले ते लिहून ठेवते आहे.

दुकानात दोन गोष्टी विचारतात: नंबर किती, आणि किती रुपयांपर्यंत दाखवू. तुम्ही काम काय करता आणि ते डोळ्यांपासून किती लांब असतं, हे मला चारपैकी तीन वेळा कुणी विचारलंच नाही. लेन्स तर त्यावरच ठरते.

१) घरून निघायच्या आधी अंतरं मोजा

शिलाईचा टेप घ्या. नसेल तर शेजारच्या शिलाईवाल्या ताईकडून मागून आणा. नेहमी बसता तसंच बसा, वाकू नका, आणि घरातल्या कुणाला तरी डोळ्याच्या कोपऱ्यापासून कामाच्या जागेपर्यंत टेप धरायला सांगा. माझी अंतरं अशी निघाली: मोबाइल १३ इंच, मशीनची सुई १६ इंच, कटिंगचं कापड २६ इंच, माप घेताना समोर उभी असलेली बाई ३० इंच. तुमची वेगळी निघतील. किराणा दुकानवाल्याला वही आणि काटा दिसायला हवा, ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरला कॉम्प्युटर, सासूबाईंना सुपातली तूर.

आता एक सोपा हिशेब. एका मीटरमध्ये जवळपास ४० इंच असतात. ज्याला दूरचं स्वच्छ दिसतं, किंवा दूरचा नंबर लावून दिसतं, त्याच्या वाचायला वरून मिळवलेल्या नंबरानं (चिठ्ठीवर त्याला अॅड म्हणतात) ४० ला भागा. जे उत्तर येईल तेवढ्या इंचांपर्यंतच त्या लेन्समधून स्वच्छ दिसणार. अधिक १ नंबर असेल तर ४० इंचांपर्यंत. अधिक २ असेल तर २० इंचांपर्यंत. अधिक अडीच असेल तर १६ इंचांपर्यंत. त्यापलीकडचं धुरकट. चाळिशीतल्या माणसाच्या डोळ्यात थोडी ताकद उरलेली असते, त्यामुळे त्याला या हद्दीच्या अलीकडचं आणखी जवळूनही वाचता येतं, पण पलीकडची हद्द काही वाढत नाही.

माझा पहिला चष्मा इथंच फसला. खुर्चीवर बसवून हातात वाचायचा कागद दिला. मी तो नाकाजवळ धरला आणि "यातून लई छान दिसते" म्हणून अधिक सव्वादोनची काच पसंत केली. घरी आल्यावर सुई दिसली, पण कटिंगला उभी राहिले तर खडूची रेघ दोन-दोन दिसायला लागली. ४० भागिले सव्वादोन म्हणजे जेमतेम १८ इंच, आणि माझं कापड २६ वर! जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं दिसणं, हा समज आधी डोक्यातून काढा.

हा हिशेब नंबर स्वतःच ठरवण्यासाठी नाही. तपासणाऱ्याला तुमची गरज नीट सांगता यावी, एवढ्यापुरताच आहे.

२) सोबत काय न्यायचं

– जुना चष्मा, तुटका असला तरी, आणि जुनी चिठ्ठी
– मोजलेल्या अंतरांचा कागद
– कामातली एखादी वस्तू: मी काळ्या कापडाचा तुकडा आणि दोरा नेते, आमचे हे कीटकनाशकाची रिकामी धुतलेली बाटली नको म्हणून नुसतं माहितीपत्रक नेतात (त्यावरची अक्षरं मुंगीएवढी असतात)
– साखरेचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची नावं
– सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला आधार कार्ड
– ऑपरेशन झालेलं असेल तर डिस्चार्ज कार्ड

डोळ्यात औषध टाकून डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) तपासला तर पुढचे काही तास धुरकट दिसतं आणि ऊन सहन होत नाही. त्या दिवशी एकटे मोटरसायकलवर जाऊ नका. सोबत कुणीतरी असू द्या.

३) तपासणी कुठं आणि केव्हा

ग्रामीण रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. ते कोणत्या वारी बसतात हे फोन करून किंवा आशाताईंकडून आधी विचारून घ्या, नाहीतर कुलूप बघून परत यावं लागतं. मोठी तपासणी लागली तर यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय, वर्ध्याजवळची सेवाग्राम आणि सावंगी मेघेची रुग्णालयं, नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, या सगळ्या ठिकाणी नेत्र विभाग आहे. दुकानातही नंबर काढतात, आणि चांगला काढणारे आहेतही. पण दुकानात नंबर निघतो, आजार सापडेलच असं नाही.

मशीनमध्ये हनुवटी टेकवली, आत ते चित्र दिसलं, खरकन कागद निघाला, एवढ्यावर चष्मा करू नका. तो फक्त अंदाज असतो. त्यानंतर डोळ्यांवर तो लोखंडी गोल चष्मा चढवून, काचा बदलत "ही बरी की ती बरी" असं विचारलं गेलंच पाहिजे. तिथं घाई करू नका. दोन्ही सारख्याच वाटल्या तर सारख्याच म्हणा. आपल्याला लाज वाटते, मास्तरानं प्रश्न विचारल्यासारखं होतं आणि आपण काहीतरी ठोकून देतो. त्या ठोकण्याचे पैसे नंतर आपणच भरतो.

साखर असलेल्यांसाठी खास: साखर खूप वाढली की नंबर बदलतो, आणि ती उतरली की परत बदलतो. आमच्या चुलत सासऱ्यांनी साखर तीनशेच्या वर असताना नंबर काढला, चष्मा केला. दीड महिन्यानं गोळ्या लागू पडल्या आणि चष्मा बिनकामाचा झाला. साखर काही आठवडे आटोक्यात राहू द्या, मगच नंबर काढा. आणि वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, दिसायला चांगलं असलं तरीही. घरात कुणाला सिकलसेल असेल, आणि आपल्या विदर्भात तो पुष्कळ घरांत आहे, तर त्यांचाही पडदा तपासायला सांगा. या आजारात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते.

आणि पुढची लक्षणं असतील तर चष्म्याच्या दुकानाची पायरीच चढू नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा: एकाएकी विजेसारखे चमकारे, काळे ठिपके किंवा डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं होणं, डोळा लाल होऊन ठणकणं, दिव्याभोवती रंगीत कडं, एका डोळ्यानं अचानक कमी दिसणं. काचबिंदू तर बहुतेकदा काहीच न सांगता नजर खात जातो. घरात कुणाला असेल तर डोळ्याचा दाब तपासून घ्या.

४) चिठ्ठी वाचायला शिका

चिठ्ठीवर उजवा आणि डावा अशा दोन ओळी असतात. काही जण आरई-एलई लिहितात, काही ओडी-ओएस. आरई आणि ओडी म्हणजे उजवा.

स्फिअर हा मुख्य नंबर. उणे असेल तर दूरचं कमी दिसतं. अधिक असेल तर डोळ्याला जवळचं बघायला जास्त कष्ट पडतात, नंबर मोठा असेल तर दूरचंही. सिलिंडर म्हणजे तिरपा नंबर, आणि अॅक्सिस म्हणजे तो कोणत्या कोनात बसवायचा ते. अॅक्सिस १ ते १८० मध्येच असतो. अॅड म्हणजे वाचण्यासाठी वरून मिळवायचा नंबर. तो बहुतेकदा पाऊण ते अडीच-तीनच्या दरम्यान असतो आणि वयाबरोबर पावा-पावानं वाढतो. चष्मा लावल्यामुळे तो वाढत नाही. न लावल्यामुळे थांबतही नाही.

अॅडवरून एक फसगत हमखास होते. आमच्या यांची चिठ्ठी होती: दूरचा अधिक अर्धा, अॅड अधिक पावणेदोन. यांनी बाजारातून पावणेदोनचा तयार चष्मा आणला आणि "डॉक्टरनं चुकीचा नंबर देला" म्हणून आठ दिवस चिडचिड केली. अरे बाप्पा, दोन्ही मिळवायचे असतात! अर्धा अधिक पावणेदोन म्हणजे सव्वादोन. उलट, ज्याचा दूरचा उणे दीड आणि अॅड अधिक दीड आहे, त्याचा जवळचा नंबर शून्य. त्यानं वाचताना चष्मा नुसता डोक्यावर सरकवायचा. वाचायला वेगळा चष्मा कुणी विकायला लागलं तर हा हिशेब दाखवा.

आणखी एक. दोन ठिकाणी तपासलं आणि दोन चिठ्ठ्या वेगळ्या दिसल्या तर लगेच भांडू नका. सिलिंडर काही जण उणे लिहितात, काही अधिक. "अधिक १.००, सिलिंडर उणे ०.५०, अॅक्सिस ९०" आणि "अधिक ०.५०, सिलिंडर अधिक ०.५०, अॅक्सिस १८०" ही एकच लेन्स आहे. मी यावरून यवतमाळच्या एका दुकानात आवाज चढवला होता. आजही आठवलं की कान गरम होतात.

पीडी म्हणजे दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. शिबिरातल्या चिठ्ठीवर ते बहुतेकदा लिहिलेलं नसतं. तपासतानाच लिहून मागा. ऑनलाइन चष्मा मागवणार असाल तर याशिवाय मागवूच नका.

५) लेन्सचा प्रकार: सगळा खेळ इथं आहे

एका नंबराची लेन्स. संपूर्ण काचेत एकच नंबर. स्वस्त, हलकी, डोकं फिरत नाही. ज्यांचं दूरचं चांगलं आहे आणि फक्त वाचायला किंवा शिवायला हवा, त्यांनी यापुढे जायची गरज नाही. दुकानदार पुढं न्यायला बघेल, कारण पुढं पैसे आहेत.

बायफोकल. वर दूरचा, खाली जवळचा. खालच्या भागाचा आकार गोल असेल तर क्रिप्टॉक, वरून सपाट असेल तर डी. डीमध्ये वाचायचा भाग वरच्या कडेपासूनच रुंद मिळतो, म्हणून वाचणाऱ्यानं, हिशेब लिहिणाऱ्यानं थोडे जास्त देऊन डी घ्यावी असं माझं मत. बायफोकलची अडचण पायाखाली आहे. खाली बघितलं की वाचायच्या काचेतून बघितलं जातं, आणि पाय तर डोळ्यापासून पाच फुटांवर. जमीन धुरकट दिसते. धुऱ्यावरून चालताना, पांदणीतल्या चिखलात, एसटीच्या पायऱ्या उतरताना माणसं पडतात ती यामुळे. पऱ्हाटीत निंदायला जाणाऱ्या बाईला तर जमिनीवर काय आहे ते दिसायलाच हवं, पावसाळ्यात जास्तच. वावरात जाताना दूरचा साधा चष्मा लावा, किंवा खालचा भाग नेहमीपेक्षा खाली बसवायला सांगा.

प्रोग्रेसिव्ह. वर दूरचा, मध्ये मधला, खाली जवळचा, आणि कुठंही रेघ नाही. नवलाईची चीज म्हणून विकतात, पण फ्रान्समध्ये ही १९५९ सालीच बाजारात आली. चांगली गोष्ट आहे: शिक्षक, बँकेतली माणसं, दुकानदार, ज्यांची नजर फळा-वही-माणूस अशी सारखी फिरते त्यांना ही वरदान. पण तिच्यात मधला आणि खालचा भाग म्हणजे अरुंद गल्ली असते, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना वाकडंतिकडं दिसतं. ते कारखान्यातला दोष नाही, लेन्स बनतेच तशी. म्हणून डोळे नाही, मान फिरवायला शिकावं लागतं.

माझा दुसरा वाया गेलेला चष्मा हाच. जिल्ह्याच्या एका चकचकीत दुकानात "ताई, एकाच चष्म्यात सगळं काम" म्हणून प्रोग्रेसिव्ह दिली. मशीनवर सुई खालच्या भागातून दिसायची, पण कापडाची डावी-उजवी बाजू सरकत गेली की शिवण वाकडी व्हायची. २६ इंचांवरचं कटिंग बघायला हनुवटी वर उचलून बसावं लागे. संध्याकाळी मान धरायची. एका गिऱ्हाइकाची बाही तिरपी गेली, तिचं कापड भरून द्यावं लागलं. नंतर दुसऱ्या ठिकाणी दाखवलं तेव्हा कळलं की उंचीही चुकली होती. माझी बाहुली कुठं येते हे फ्रेमवर खूण न करताच लेन्स बसवली होती.

प्रोग्रेसिव्ह घेणार असाल तर एवढ्या गोष्टी तुमच्यासमोर झाल्याच पाहिजेत. निवडलेली फ्रेम तुमच्या नाकावर नीट बसवून, तुम्ही सरळ समोर बघत असताना, तिच्या नकली काचेवर बाहुलीच्या जागी पेनानं खूण. उजव्या आणि डाव्या डोळ्याची पीडी वेगवेगळी. बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत पुरेशी जागा, साधारण १८ मिलिमीटर तरी. त्यापेक्षा चिंचोळ्या फ्रेममध्ये वाचायचा भाग कापलाच जातो. यातलं काही न करता कुणी "होऊन जाईल" म्हटलं तर उठून या.

कामाची लेन्स. माझा प्रश्न शेवटी सुटला तो असा. सेवाग्रामकडून शिकून आलेल्या एका तपासणाऱ्या ताईंनी माझा अंतरांचा कागद बघितला, कापडाचा तुकडा टेबलावर ठेवायला लावला, मला उभं केलं, बसवलं, आणि डी बायफोकल लिहून दिली: वर अधिक पाऊण, खाली अधिक पावणेदोन. म्हणजे वरच्या भागातून ५० इंचांपर्यंत दिसतं, त्यात कटिंग आणि माप घेणं दोन्ही आलं. खालच्या भागात सुई. दूरचं मला तसंच दिसतं, म्हणून बाहेर जाताना हा चष्मा काढून ठेवते. गाडी चालवताना हा चालत नाही. कॉम्प्युटरवर दिवस काढणाऱ्यांसाठी अशाच कामाची लेन्स ऑफिस लेन्स नावानं मिळते. सोनार, न्हावी, टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारे, सगळ्यांनी "मला दूरचं नको, या अंतराचं द्या" असं स्पष्ट सांगून बघावं.

६) काच, फायबर की पॉली

काच: चरे सहसा पडत नाहीत, पण जड, आणि फुटली तर डोळ्यात जाते. शेतात, कारखान्यात, लहान मुलांना नकोच.

फायबर: दुकानात ज्याला फायबर म्हणतात ते खरं तर सीआर-३९ नावाचं प्लास्टिक. त्यातून दिसतं फार स्वच्छ, आणि स्वस्त. दोनच्या आतबाहेरच्या नंबराला हेच पुरे.

पॉलिकार्बोनेट: मार सहन करते, ऊन्हातले अतिनील किरण मुळातच अडवते. मुलांना, ज्याचा एकच डोळा चांगला आहे त्याला, मळणी यंत्रावर किंवा वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्याला हीच. नुसती पॉली लवकर चरते, म्हणून वर हार्ड कोट असल्याची खात्री करा.

पातळ लेन्स म्हणजे हाय इंडेक्स. १.६०, १.६७, १.७४ असे आकडे सांगतात. आकडा मोठा तितकी लेन्स पातळ आणि महाग. चारच्या वर नंबर असेल तर विचार करा. पण त्याआधी फुकटचा उपाय करा: फ्रेम लहान आणि गोलसर घ्या. उणे नंबराची लेन्स कडेला जाड होते. मोठ्या चौकोनी फ्रेममध्ये तीच जाड कड राहते, लहान फ्रेममध्ये कापली जाते. आमच्या पोराचा उणे साडेतीन. त्यानं कुठल्याशा हिरोसारखी भली मोठी फ्रेम धरून ठेवली होती. दुकानदारानं दोन्ही फ्रेमवर कडेची जाडी दाखवली तेव्हा गपगुमान लहान घेतली.

पोराचं निघालंच आहे तर: लहान मुलाचा पहिला नंबर डोळ्यात औषध टाकूनच काढायला सांगा. मुलांचे डोळे ताण देऊन नंबर लपवतात किंवा खोटा उणे दाखवतात. आणि मुलांचा नंबर सहा महिन्यांनी-वर्षानं परत बघावा लागतो, तेव्हा लेन्सवर फार पैसे ओतू नका.

७) कोटिंग

एआरसी, म्हणजे काचेवरची चमक कमी करणारा थर, रात्री मोटरसायकल चालवणाऱ्यांना खरंच उपयोगी. बाकी त्यावर बोटांचे डाग जास्त दिसतात आणि ते उन्हानं फुटतं, त्याबद्दल पुढं लिहिते.

ब्ल्यू कट. "ताई, मोबाइल बघता ना? मग हे लागतेच." नाही लागत. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेनं १७ चाचण्या एकत्र तपासल्या आणि निळा प्रकाश अडवणाऱ्या लेन्सनं स्क्रीनचा थकवा साध्या लेन्सपेक्षा कमी होतो असं त्यांना काही दिसलं नाही. डोळे थकतात ते टक लावून, पापणी न मिटता बघितल्यानं. दर वीस मिनिटांनी मान वर करून समोरच्या लिंबाकडे बघा, पैसे लागत नाहीत. लेन्सबरोबर फुकट आलं तर असू द्या.

८) ऊन, धूळ आणि फवारणी

उन्हात काळी होणारी, म्हणजे फोटोक्रोमिक लेन्स आपल्याकडे फार मागतात. तिच्याबद्दल दुकानात एक गोष्ट सांगत नाहीत: ती थंडीत जास्त काळी होते आणि उकाड्यात कमी. म्हणजे डिसेंबरातल्या कोवळ्या उन्हात गडद, आणि मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना, जेव्हा खरी गरज, तेव्हा फिक्की. जीपमध्ये, बसच्या पुढच्या काचेमागे तर काळी होतच नाही म्हणा, कारण ती काच अतिनील किरण आधीच अडवते. आणि उन्हातून अंधाऱ्या घरात आलं की फिक्की व्हायला काही मिनिटं घेते, तेवढ्यात उंबऱ्याला ठेच लागते. मला विचाराल तर साधा चष्मा, अतिनील किरण अडवणारी लेन्स, आणि डोक्यावर रुंद टोपी किंवा दुपट्टा. डोळ्यात मांस वाढण्याचा त्रास उन्हात आणि धुळीत राबणाऱ्यांनाच जास्त होतो, तेव्हा हे नखरे समजू नका. रंगीत काचेचा चष्मा रात्री गाडीवर कधीच नाही.

फवारणीचं वेगळं सांगते. २०१७ च्या हंगामात आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, ते गावोगाव लोकांना आठवतं. नंबरचा चष्मा म्हणजे फवारणीचा चष्मा नव्हे. वरून, खालून, बाजूनं तुषार आत येतातच. चष्म्याच्या वरून बसणारा, चहूबाजूंनी बंद गॉगल लावा. औषध डोळ्यात गेलंच तर चोळू नका, चष्मा काढून फेका, निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धूत राहा, आणि बाटलीवरचं लेबल घेऊन दवाखाना गाठा.

९) तयार चष्मा

आठवडी बाजारात दीडशे-दोनशेचा तयार चष्मा मिळतो. तो विष नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा, तिरपा नंबर नाही, आणि फक्त थोडं वाचायचं असेल तर चालतो. मीही एक चुलीजवळ ठेवला आहे. पण तपासणी न करता घेतला तर आतला आजार तसाच राहतो, आणि नवऱ्याचा चष्मा बायकोनं लावायची पद्धत तर बंदच करा.

१०) पैसे आणि योजना

बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून जास्त लावला असेल तर विचारा. बिलावर लेन्सचा प्रकार, कंपनी आणि कोटिंग लिहून घ्या, नुसतं "चष्मा १ नग" नको.

शाळेतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून होते. नंबर निघाला तर अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत चष्मा मिळू शकतो. ज्या दिवशी पथक येतं त्या दिवशी पोरगं कापूस वेचायला नेऊ नका.

६५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर चष्म्यासारख्या साधनांसाठी ३००० रुपये एकदाच बँक खात्यात येतात. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, दोन फोटो, उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र लागतं. अर्ज सध्या घेत आहेत का ते समाजकल्याण कार्यालयात आधी विचारा, आणि खरेदीचं बिल जपून ठेवा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्म्याची घाई नको. डोळा स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. सासूबाईंना शेजारच्या बायांनी पंधराव्या दिवशीच "चष्मा काहून नाही केला?" म्हणून हैराण केलं होतं.

११) चष्मा हातात आल्यावर, दुकानातच

लेन्सोमीटरवर, म्हणजे लेन्सचा नंबर मोजायच्या यंत्रावर, लेन्स लावून नंबर चिठ्ठीशी जुळवून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

लेन्स खिडकीच्या गजासमोर धरून डावी-उजवीकडे हलवा. गज लेन्सच्या दिशेनं सरकला तर उणे, उलट सरकला तर अधिक. उजव्या-डाव्याची अदलाबदल अशीच एकदा मी पकडली, कारण माझ्या भाच्याच्या एका डोळ्याचा उणे आणि दुसऱ्याचा अधिक आहे.

बायफोकल असेल तर दोन्ही खालचे भाग एका रेषेत आहेत का, आरशात बघा. प्रोग्रेसिव्ह असेल तर लेन्सवरच्या रंगीत खुणा पुसायच्या आधी चष्मा घाला. अधिकचं चिन्ह बाहुलीच्या बरोबर समोर यायला हवं. खुणा पुसल्या तरी लेन्सवर बारीक कोरलेली गोल चिन्हं राहतात, तिरप्या उजेडात दिसतात, आणि कानाकडच्या बाजूला अॅडचा आकडाही सापडतो. त्यावरून तुम्हाला दिलं ते खरंच प्रोग्रेसिव्ह आहे का, हे कळतं.

पहिले चार-सहा दिवस जमीन वरखाली वाटते. जिना आणि गाडी सांभाळून. पंधरा दिवसांनंतरही डोकं दुखत असेल तर "सवय होईल" ऐकून घेऊ नका. चिठ्ठी, चष्मा आणि बिल घेऊन परत जा, आणि नंबर बदलायच्या आधी पीडी व उंची मोजायला लावा.

१२) पुसणं आणि ठेवणं

पदरानं पुसू नका. पदरावर वावरातली माती असते, आणि माती म्हणजे लेन्ससाठी पॉलिश पेपर. आधी पाण्यानं धुवा, साबणाचा एक थेंब बोटानं फिरवा, परत धुवा, मग मऊ सुती कापडानं टिपा. गरम पाणी नको.

आमच्या यांनी मे महिन्यात चष्मा मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवला आणि दिवसभर गाडी टिनाच्या शेडबाहेर उभी केली. संध्याकाळी लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. एआरसी उन्हानं फुटलं होतं, आणि ते परत चढवता येत नाही. आता घरात दाराशी खुंटीला डबी टांगली आहे. यांचा जुना चष्मा, नंबर पावानं कमी असला तरी, तिच्यातच ठेवला आहे, नवा तुटला तर एसटी मिळेपर्यंत कामी येतो.